दृक्प्रत्ययवादी रस्ताचित्रण, मुंबईतील

शहरातला रस्ता, त्यावरची नित्याची वर्दळ आणि त्या घटकेचा प्रकाश यांचे डोळ्यांना एका दृष्टिक्षेपात जे दर्शन घडते, ते तुटक व मोकळ्या कुंचल्याने, शक्यतो जागेवर बसूनच टिपण्याच्या चित्रपद्धतीस दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) रस्ताचित्रण म्हणतात. इमारतींची नक्षी, माणसांचे चेहरे, दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरे या गोष्टींना अशा चित्रात दुय्यम स्थान असते. रस्ता कोणत्या ऋतूत, किती वाजता आणि कसल्या हवेत पाहिला, यावर चित्राची सारी भिस्त असते. मुंबईत ही पद्धत पॅरिसहून थेट आलेली नाही. इंग्रजी वळणाचे जलरंग, सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील निसर्गचित्रणाची शिस्त आणि १९३० नंतरच्या दोन दशकांत शहरात आलेले युरोपीय शिक्षक व कलावंत अशा वेगवेगळ्या वाटांनी ती इथे रुजली. पुढे इथल्या दमट हवेने तिला स्वतःचे वळण दिले. ते इतके पक्के आहे की मुंबईच्या उत्तम रस्ताचित्रात ऊन आणि इमारती यांच्याही आधी त्यांच्या मधली हवा दिसते.

या पद्धतीचे मूळ पॅरिसच्या पुनर्रचनेत आहे. १८५३ पासून बॅरन ओस्मान यांच्या देखरेखीखाली तेथील जुन्या गल्ल्या पाडून लांबरुंद सरळ रस्ते काढण्यात आले आणि शहराच्या मध्यभागी प्रथमच एवढे मोठे आकाश उघडे पडले. जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने १८४१ मध्ये काढलेल्या कथलाच्या नळीमुळे तैलरंग खिशात घालून घराबाहेर नेणे तोवर सोपे झालेले होते. १५ एप्रिल ते १५ मे १८७४ या काळात छायाचित्रकार नादार यांच्या जुन्या स्टुडिओत, पुढे दृक्प्रत्ययवादी म्हणून ओळखल्या गेलेल्या चित्रकारांचे पहिले प्रदर्शन भरले. तो स्टुडिओ ज्या रस्त्यावर होता त्याच बुलेव्हार दे कापुसीनचे, उंचावरून पाहिलेले क्लोद मोने यांचे चित्र तेथे मांडलेले होते. त्यातली माणसे म्हणजे काळ्या रंगाचे आखूड फटकारे आहेत. लुई लरवा या टीकाकाराने जिभेने चाटल्याचे काळे डाग म्हणून त्यांची टर उडवली, पण गर्दी दुरून खरोखर कशी दिसते याचे उत्तर त्याच डागांत होते. प्रदर्शन चालू असतानाच, ९ मे १८७४ रोजी, मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली. दोन्ही घटनांचा आपसात काही संबंध नाही; तरीही १८६० च्या दशकात किल्ल्याचा तट पाडून मुंबईनेही आपले रस्ते मोकळे केले होते आणि उघड्या रस्त्यावरची चालती गर्दी ही दोन्ही शहरांना एकाच पिढीत सामोरी आलेली नवी दृश्यवस्तू होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मुंबईचा प्रकाश पॅरिसच्या प्रकाशाहून मुळातच वेगळा आहे. पॅरिस ४९ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ आहे. तेथे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर येतो, त्यामुळे दिवसभर सावल्या लांब पडतात आणि रस्ता आपोआप उजेडाच्या व सावलीच्या पट्ट्यांत विभागला जातो. १९ अंशांवरील मुंबईत डिसेंबरातला सर्वांत खालचा माध्यान्हसूर्यही साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस तो थेट डोक्यावर येतो आणि घड्याळात साडेबारा वाजून गेल्यावर उभ्या खांबाची सावली क्षणभर नाहीशी होते. जुलैतला हा दिवस बहुधा ढगांत जातो. मेमधला मात्र चित्रकाराला चांगलाच भोवतो. त्या वेळी रस्त्यावर सावली उरते ती हातगाडीच्या खाली, छत्रीच्या खाली, दुकानांच्या पडव्यांखाली आणि भाजीवालीच्या डोक्यावरच्या पाटीखाली तिच्या चेहऱ्यावर. पॅरिसच्या चित्रांवरून शिकलेली लांब निळी सावली मेमधल्या भुलेश्वरात शोधूनही सापडत नाही. म्हणून इथले जाणते चित्रकार सकाळी साडेनऊच्या आत काम आटोपतात किंवा चार वाजल्यानंतर बसतात. संधिप्रकाशही इथे अल्पायुषी असतो. सूर्यास्तानंतर सुमारे २३ मिनिटांत नागरी संधिप्रकाश, म्हणजे दिव्याविना वावरता येण्याजोगा उजेड, संपतो; पॅरिसच्या उन्हाळ्यात तोच ४० मिनिटांच्या घरात रेंगाळतो. मुंबईची सांज रंगवायची तर रंगांची मिश्रणे आधीच तयार ठेवावी लागतात.

याहून महत्त्वाची गोष्ट हवेची. समुद्रावरचे मीठ, धूळ आणि धूर यांचे सूक्ष्म कण दमट हवेत पाणी शोषून फुगतात आणि प्रकाश विखुरतात. परिणामी दूरची इमारत केवळ फिकी होत नाही, तिच्यावर दुधाळ पापुद्रा चढतो. काळा रंग काळा राहत नाही, राखाडी-जांभळा होतो. हिवाळ्याच्या सकाळी हे सर्वांत ठळक दिसते. महापालिकेच्या इमारतीसमोर उभे राहून दादाभाई नौरोजी मार्गाकडे पाहावे: जवळची टॅक्सी पुऱ्या रंगात, सिग्नलपाशी थांबलेली बस अर्ध्या रंगात आणि पलीकडचे कळस व घुमट रंग जाऊन नुसते आकार उरलेले, अशा स्वच्छ तीन पातळ्या दिसतात. चित्रकारांच्या बोलण्यात याला ‘टोन सुटणे’ म्हणतात आणि तो सुटला की चित्राचे निम्मे काम झाले. पावसाळ्यात याच्या उलट घडते. जोराची सर पडून गेली की हवेतले कण धुऊन निघतात आणि तास-दोन तास एवढी पारदर्शक हवा मिळते की मलबार हिलवरची झाडे गिरगाव चौपाटीवरून एकेक मोजता यावीत. मुंबईचा पावसाळा म्हणजे सरसकट धूसरपणा, ही समजूत न पाहता रंगवणाऱ्यांची आहे. धूसरता सरीच्या आत असते, सरीनंतर नसते.

रस्त्यांच्या दिशेचाही प्रकाशाशी निकटचा संबंध आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्तीत समुद्राचा वारा खेळावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते पश्चिमेकडून पूर्वेकडे काढले. वाऱ्यासाठी केलेल्या या वाटेने सायंकाळचे ऊनही आत आले. दिवस कलताना तेथे प्रकाश रस्त्याच्या लांबीने वाहत येतो. समोरून येणारी माणसे, हातगाड्या आणि त्यांवरची कापडाची गाठोडी काळसर दिसतात व त्यांच्या कडांना तेवढी उजळ रेघ राहते. काळबादेवी किंवा मोहम्मद अली रोडसारख्या साधारण दक्षिणोत्तर रस्त्यांवर चित्र निराळे असते. सकाळी एक बाजू उजळते, सायंकाळी दुसरी, आणि सावलीतल्या बाजूला समोरच्या भिंतीवरून परतलेला उबदार उजेड मिळतो. दादाभाई नौरोजी मार्गावरच्या सलग कमानींखाली तर दुपारीही असा परतलेला प्रकाशच नांदतो. बाहेरच्या फरशीवर पडलेले ऊन खालून वर उसळते आणि कमानीच्या पोटाला नारिंगी छटा देते. कुर्ला व मालाडच्या खाणींतला पिवळसर दगड आणि स्थानिक काळा बेसॉल्ट एकमेकांशेजारी असल्यामुळे फोर्टमधल्या इमारतींना ओले आणि कोरडे असे दोन वेगळे रंग असतात: कोरड्या दिवसांत पिवळा दगड पुढे येतो, पावसात भिजलेला बेसॉल्ट.

१८५७ मध्ये सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेत पहिली अनेक दशके भर होता तो वस्तूचा घोटीव आकार, यथार्थदर्शन आणि छायाप्रकाशाची मोजून-मापून केलेली उतरंड यांवर. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसे विपुल काढली. त्यांची पोस्टकार्डे आणि पुस्तकांतील चित्रे ही त्या काळच्या पेहरावांची, व्यवसायांची व लकबींची अस्सल नोंद आहे. परंतु त्यांची नजर प्रसंगाकडे व व्यक्तीकडे होती, प्रकाश त्यांना सोबतीला पुरे. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांच्या पिढीने जलरंगाचा पारदर्शक हात कमावला. हा हात पुढच्या बदलासाठी अत्यावश्यक होता, कारण मुंबईत दृक्प्रत्ययवादी रस्ताचित्र मुख्यतः तैलरंगांपेक्षा जलरंगांत फुलले.

बदल दोन-तीन दिशांनी आला. इंदूरला दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या हाताखाली मोकळ्या हवेत थेट रंगांनी काम करणारे विद्यार्थी तयार होत होते. त्यांपैकी नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२) यांनी तो मोकळा कुंचला मुंबईच्या प्रदर्शनांत आणला. कलाशाळेत चार्ल्स जेरार्ड यांच्या संचालकपदाच्या काळात, म्हणजे १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, आधुनिक युरोपीय चित्रकलेकडे पाहण्याची मुभा मिळाली. त्याच सुमारास नाझी राजवटीमुळे व्हिएन्ना सोडून आलेले वॉल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक झाले. त्यांच्या घरी जमणाऱ्या तरुण चित्रकारांनी रंग धीटपणे लावण्याचा त्यांचा हात जवळून पाहिला. १९४३ मध्ये मुंबईत आलेल्या सय्यद हैदर रझा यांची त्या दशकातील जलरंगचित्रे हा या प्रवाहातला सर्वांत तेजस्वी टप्पा म्हणावा लागेल. रझा पुढे भौमितिक आकारांचे आणि बिंदूचे चित्रकार म्हणून जगभर ओळखले गेले, त्यामुळे १९५० मध्ये फ्रान्सला जाण्यापूर्वी त्यांनी रंगवलेले फोर्ट आणि फ्लोरा फाउंटन परिसरातील पावसाळी रस्ते पुष्कळांच्या नजरेआड राहतात. त्या चित्रांत इमारती ओघळतात, माणसे आडव्या-उभ्या चार ठिपक्यांत उरकलेली असतात आणि तरीही पाऊस कोणत्या बाजूने येतो आहे हे सांगता येते. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप या आधुनिक चित्रकारांच्या गटानंतर शहराच्या अग्रगण्य चित्रकारांची ओढ आकाराच्या रचनेकडे व सामाजिक आशयाकडे वळली. गीव्ह पटेल आणि सुधीर पटवर्धन यांनी मुंबईच्या रस्त्याचे व रेल्वे परिसराचे जे दर्शन घडवले ते वेगळ्या, अधिक ठोस परंपरेचे आहे. प्रस्तुत नोंदीत त्याचा केवळ उल्लेख करणे शक्य आहे.

ओला रस्ता रंगवण्याची रीत तपशिलात पाहण्याजोगी आहे, कारण या पद्धतीतले जवळपास सर्व कसब तिच्यात एकवटते. कागद स्पंजाने ओला करून आकाश व रस्ता एकाच वॉशमध्ये, म्हणजे भरपूर पाण्यात विरलेल्या रंगाच्या सलग थरात, एकाच राखाडीने भरले जातात. ओला डांबरी रस्ता हा मुख्यतः खाली उतरलेले आकाशच असतो, म्हणून दोघांसाठी वेगळे रंग काढणारा चित्रकार तिथेच फसतो. कागद अर्धवट सुकला असताना इमारतींचे आकार ठेवले जातात, म्हणजे त्यांच्या कडा किंचित पसरतात. त्यानंतर प्रतिबिंबे उभ्या फटकाऱ्यांनी खाली ओढली जातात. यातला नियम असा की उजळ वस्तूचे प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा थोडे गडद आणि गडद वस्तूचे थोडे फिके दिसते. शिवाय रस्त्यावरच्या खडबडीतपणामुळे ते लांबीला वाढते, रुंदीला फारसे वाढत नाही. टॅक्सीच्या टपाचा पिवळा, बसचा लाल, एखाद्या छत्रीचा निळा हे अगदी शेवटी, कोरड्या कागदावर, दाट रंगाने एकदाच ठेवायचे असतात. कागदाचा पांढरा भाग राखून ठेवणे सर्वांत अवघड. हेडलाइटचा पांढरा ठिपका राखून ठेवलेल्या कागदाचा असेल तर तो पेटतो, नंतर लावलेल्या पांढऱ्या रंगाचा असेल तर विझलेला वाटतो. आणि हे सारे मुंबईच्या जुलैत करायचे, जेव्हा हवा इतकी ओली असते की पहिला वॉश सुकता सुकत नाही. मेमध्ये तोच वॉश कुंचला उचलेपर्यंत कडा धरतो. वर्षभर एकाच ठिकाणी बसणाऱ्या चित्रकाराला प्रत्येक ऋतूत पाण्याचे प्रमाण नव्याने शिकावे लागते.

या चित्रांतली माणसे निनावी असली तरी ती कोणीही नसतात. डबेवाल्याची पांढरी टोपी, कोळणीच्या लुगड्याचा कास मारलेला घेर, हातगाडी ओढताना पुढे झुकलेला पाठीचा कोन, लोकल पकडायला निघालेल्या माणसाची खांद्याला अडकवलेली बॅग: एका फटकाऱ्यात ओळख पटते ती चेहऱ्याने नव्हे, शरीराच्या तोलाने. गर्दी रंगवताना सगळी डोकी साधारण एका क्षितिजरेषेवर ठेवून पाय वेगवेगळ्या उंचीवर सोडले की सपाट रस्त्याची खोली आपोआप उभी राहते. स्टेशनबाहेरची गर्दी या युक्तीशिवाय रंगवताच येणार नाही. दादरच्या फुलबाजारात या पद्धतीची खरी परीक्षा होते. पावसाळ्यात विक्रेते निळी प्लास्टिकची ताडपत्री बांधतात. तिच्यातून गाळून आलेल्या निळ्या उजेडात झेंडूच्या राशी नारिंगी दिसत नाहीत, विटकरी-तपकिरी दिसतात, शेवंतीचा पिवळा हिरवट होतो आणि विक्रेत्याच्या हातांवर निळसर झाक येते. ताडपत्रीच्या फटीतून जिथे उघडा प्रकाश पडतो तिथला मूठभर झेंडू मात्र जाळासारखा भडकतो. झेंडू नारिंगी असतो हे ठाऊक असल्यामुळे सगळी रास नारिंगी रंगवणारा चित्रकार आपले ज्ञान रंगवत असतो. दृक्प्रत्ययवादाची सारी धडपड या ज्ञानाला बाजूला ठेवून डोळ्यावर विश्वास ठेवण्याची आहे.

रात्रीच्या रस्त्याचा आदर्श पॅरिसच्या दृक्प्रत्ययवाद्यांपैकी कामीय पिसारो यांनी घालून दिला. डोळ्यांच्या विकारामुळे उघड्यावर बसणे कठीण झाल्यावर त्यांनी १८९७ मध्ये हॉटेलच्या खिडकीतून बुलेव्हार माँमार्त्र हा एकच रस्ता १४ वेळा रंगवला. त्यांपैकी एकच चित्र रात्रीचे असून त्यात मध्यभागी विजेच्या दिव्यांचा थंड पांढरा, दुकानांतल्या गॅसचा पिवळा आणि भाड्याच्या बग्ग्यांच्या कंदिलांचा तांबूस असे तीन प्रकारचे उजेड वेगळे ओळखू येतात. मुंबईतही रस्त्यावरचा गॅसचा उजेड १८६५ पासूनचा. पुढे वीज आली, आणि नंतरच्या काळात सोडियमच्या दिव्यांनी शहराची रात्र कित्येक वर्षे केशरी करून ठेवली. सोडियमच्या उजेडात निळा रंग काळवंडतो आणि सगळ्या त्वचा एका रंगाच्या होतात, त्यामुळे त्या काळातली रात्रचित्रे जवळजवळ एकरंगी आहेत. मरीन ड्राइव्हवर २०१५ साली पांढरे एलईडी दिवे बसवल्यावर ‘क्वीन्स नेकलेस’ची सोनेरी झळाळी गेली म्हणून शहरभर वाद झाला, तो दिव्यांच्या रंगावर सामान्य नागरिकांनी हिरिरीने मत मांडल्याचा दुर्मीळ प्रसंग होय. पांढऱ्या उजेडाचे चित्रकाराला वावडे असण्याचे कारण नाही. आज गिरगावातल्या एखाद्या नाक्यावर खांबावरचा पांढरा एलईडी, देवळाच्या गाभाऱ्यातली समईची ज्योत, औषधाच्या दुकानाचा हिरवा क्रॉस आणि सँडविचवाल्याच्या गाडीवरचा बॅटरीवरचा दिवा एकत्र दिसतात. पिसारोंना तीन उजेड मिळाले होते, इथे त्याहून अधिक आहेत.

कालबाह्य वस्तूंचा मोह ही या चित्रप्रकाराची सध्याची सर्वांत मोठी अडचण आहे. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. डिझेलवर धावणाऱ्या जुन्या दुमजली बस आणि प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या. तरीही बाजारात विकल्या जाणाऱ्या असंख्य रस्ताचित्रांत छत्री, काळीपिवळी पद्मिनी, मागे घुमट आणि खाली लांबलचक प्रतिबिंब ही ठरलेली मांडणी अव्याहत चालू आहे. छायाचित्रावरून, पॅलेट नाइफने, घरात बसून केलेल्या या चित्रांत रंग झगझगीत असतात, पण दिवसाची वेळ कोणती ते सांगता येत नाही. ज्या चित्रातून वेळ सांगता येत नाही त्याला दृक्प्रत्ययवादी म्हणणे अनुचित आहे. उलट मोहम्मद अली रोडवरच्या उड्डाणपुलाखाली सांध्यांतून पडणारे उन्हाचे अरुंद पट्टे, मेट्रोच्या उन्नत मार्गाने उपनगरांतील रस्त्यांवर आणलेली कायमची सावली, काचेच्या मनोऱ्यांवरून परेलच्या जुन्या चाळींवर भलत्याच बाजूने पडणारे दुपारचे परावर्तित ऊन हे आजच्या मुंबईचे स्वतःचे प्रकाश आहेत आणि त्यांना पुरेसे चित्रकार अजून लाभलेले नाहीत.

जागेवर जाऊन रंगवण्याची प्रथा मात्र टिकून आहे. कलाशाळांचे विद्यार्थी ‘आउटडोअर’ला फोर्ट, बाणगंगा, भाऊचा धक्का, महात्मा जोतिबा फुले मंडई येथे नियमाने बसतात, आणि रविवारी सकाळी वाहने कमी असताना हौशी चित्रकारांचे गट फोर्टमध्ये दिसतात. पाठीशी भिंत असलेली जागा निवडण्याची शिकवण पहिल्याच दिवशी मिळते, नाहीतर मागे जमलेले बघे पुढे सरकत सरकत समोरचे दृश्यच झाकून टाकतात. १९५२ मध्ये उघडलेल्या जहांगीर आर्ट गॅलरीत आणि तिच्या बाहेरच्या पदपथावर, काळा घोडा परिसरात, अशी चित्रे वर्षभर पाहायला मिळतात.

ज्या हवेने या चित्रांना गुण दिले तीच त्यांच्या मुळावर येते. पावसाळ्यात कागदावर व त्यातल्या खळीवर बुरशी धरते आणि तिचे तपकिरी ठिपके नेमके फिक्या आकाशात उमटतात. स्वस्त गुलाबी व किरमिजी रंग उजेडात उडतात, त्यामुळे जुन्या चित्रांतली सायंकाळ कालांतराने नुसती राखाडी होऊन बसते. म्हणून जलरंगचित्र काचेला चिकटू न देता आम्लरहित पुठ्ठ्याच्या माउंटमध्ये बसवतात, बाहेरच्या ओलसर भिंतीवर टांगत नाहीत, आणि जून ते सप्टेंबर चौकटीच्या मागे हवा खेळती राहील एवढी फट ठेवतात.